पाद्र्यानं राजकारणावर बोलावं का?

गेल्या शनिवारी घरी गेलो होतो. घरी म्हणजे भिवापूरला. ज्यांना भिवापूर माहीत नाही (म्हणजे पुण्यातले माझे जवळजवळ सगळे मित्र) त्यांच्यासाठी सांगतो, नागपूरहून उमरेडमार्गे नागभीडकडे निघालात की मध्ये लागतं ते. जीआय टॅगवाल्या मिरचीचं गाव. पूर्वी नॅरोगेजची गाडी होती, ती २०१९ मध्ये बंद झाली. आम्ही पोरं त्या गाडीला नावं ठेवायचो, आणि आता तिच्याच आठवणी काढतो. असो.

तर संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. बाबांचे एक जुने मित्र आले होते. त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. निवृत्त मास्तर. हातात मोबाईल, मोबाईलमध्ये व्हॉट्सअ‍ॅप, आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जगातला एकूण एक व्हिडिओ. त्यांनी मला जानेवारी २०२५ मधला एक व्हिडिओ दाखवला. तुम्हीही पाहिला असेल. ट्रम्पसाहेबांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमध्ये प्रार्थना होती. ते स्वतः पुढच्या रांगेत बसलेले, आणि व्यासपीठावरून बिशप मॅरिअन बडी त्यांना शांतपणे सांगतायत की जे लोक आज घाबरलेले आहेत, बाहेरून आलेले मजूर, त्यांची मुलं, त्यांच्यावर दया करा. आवाज चढवला नाही, टेबल आपटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांनी त्यांच्याकडे माफी मागितली... म्हणजे तुम्ही माफी मागा, असं म्हणाले!

काका म्हणाले, "आता सांग बापा, या पादरीनबाईचं काय काम होतं यात? तिनं पूजापाठ करावं. राजकारणात कायले नाक खुपसून रायली?"

मी काहीतरी बोलणार होतो, पण माझं लक्ष काकांच्या मागच्या भिंतीकडे गेलं. तिथे आमच्या घरातला नेहमीचा फोटो आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, हातात खंजिरी.

आता गंमत बघा. आमच्या गावापासून चिमूर काही फार लांब नाही. गाडीने तासाभराचा रस्ता. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस, चिमूरमध्ये क्रांती झाली. त्याआधी तुकडोजी महाराजांची भजनं तिथे गाजत होती, आणि ती भजनं काही फक्त विठ्ठलाची नव्हती. इंग्रज सरकारला ते नीट कळत होतं. म्हणून तर त्याच महिन्यात महाराजांना पकडलं, नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. भजन म्हणणाऱ्या माणसाला सरकार उगाच कशाला आत टाकेल? पुढे त्यांनी ग्रामगीता लिहिली. ती देवाधर्माची पोथी आहे तशीच गावच्या कारभाराचीही आहे. स्वच्छता, शिक्षण, शेती, गावातली भांडणं, सगळं त्यात आहे. माझ्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीवर विद्यापीठाचं जे नाव छापलंय ते त्यांचंच, २००५ पासून.

म्हणजे धर्माच्या माणसाने राजकारणावर बोललेलं आम्हाला चालतं. नुसतं चालत नाही, आम्ही त्याचा फोटो भिंतीवर लावतो, विद्यापीठाला त्याचं नाव देतो. मग बिशपबाई बोलल्या तर आम्हाला अचानक "धर्म वेगळा, राजकारण वेगळं" का आठवतं?

काकांना हे विचारलं नाही. विचारण्याचा नैतिक अधिकार मला नव्हता. का नव्हता ते सांगतो.

माझ्या टीममध्ये एक मुलगी आहे, वसईची. घरी सामवेदी बोली बोलते. तिचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आहे (आमच्या नागपुरी मराठीपेक्षा कुणाचंही शुद्धच असतं म्हणा). २५ जुलै २०२४ ला फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. दुपारी जेवताना कुणीतरी बातमी वाचली. आणि मी, कारण नसताना, डबा उघडता उघडता बोलून गेलो, "अरे हो, ते राजकारण करणारे फादर ना?" दोघं-तिघं हसले. ती काही बोलली नाही. संध्याकाळी कॉफी मशीनजवळ एकटीच भेटली, तेव्हा शांतपणे म्हणाली, "आमच्या आजोबांच्या वाडीत अजून केळी होतात. विहिरीला पाणी आहे. ते पाणी राहावं म्हणून ते बोलायचे. त्याला तू राजकारण म्हणतोस, तर म्हण."

बस्स, एवढंच. तिने वाद घातला नाही, चिडली नाही. पण मला आतून असं काही लागलं की त्या शनिवार-रविवारी मी बसून वाचत सुटलो. तोवर मला दिब्रिटोंबद्दल काय माहीत होतं? एक वाक्य, तेही कुठल्यातरी फॉरवर्डमधून आलेलं. आणि तेवढ्यावर मी एका गेलेल्या माणसाबद्दल मत देऊन मोकळा झालो होतो.

तर फादर दिब्रिटो. वसईचे, नंदाखालचे. कॅथलिक धर्मगुरू, 'सुवार्ता' मासिकाचे बरीच वर्षं संपादक, 'सुबोध बायबल'चे लेखक. १९८० च्या दशकाच्या शेवटी वसईचं काय होत होतं हे आज नालासोपारा-विरारच्या इमारती पाहून कळतं. मुंबईला जागा पुरेना, म्हणून बिल्डरांचा डोळा वसईच्या हिरव्या पट्ट्यावर. केळीच्या बागा, पानवेली, फुलशेती, भातखाचरं, आणि या सगळ्याला पुरणारं विहिरींचं गोडं पाणी. समुद्राजवळच्या जमिनीत गोडं पाणी असणं ही नाजूक गोष्ट असते. वरून जास्त उपसलं की खालून खारं पाणी आत सरकतं, आणि एकदा विहीर खारी झाली की ती परत गोडी व्हायला पिढी जाते. इमारतींना पाणी हवं, म्हणून टँकर भरभरून विहिरी उपसल्या जात होत्या. मागे पैसा होता, राजकारण होतं आणि उघड गुंडगिरी होती. माणसं बोलायला घाबरत.

अशा वेळी हा धर्मगुरू 'हरित वसई संरक्षण समिती' उभी करून रस्त्यावर आला. आणि त्याच्याबरोबर फक्त चर्चला जाणारे आले नाहीत. वसईत ख्रिस्ती आहेत तसेच आगरी, कोळी, वाडवळ, भंडारी, आदिवासी आहेत. विहीर खारी होते तेव्हा ती वाडीवाल्याचा धर्म विचारून होत नाही. मोर्चे निघाले, सभा झाल्या, धमक्या आल्या. धर्मगुरू घाबरला असता तर कुणी त्याला नावं ठेवली नसती. "आपण बापडे प्रार्थना करू" म्हणून आत बसायची सोय होतीच की!

वसई वाचली का? पूर्ण नाही वाचली. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, काँक्रीट वाढतच गेलं. पण पश्चिमेकडच्या पट्ट्यात आजही वाड्या आहेत, विहिरी आहेत. माझ्या टीममेटच्या आजोबांची केळी त्यातलीच.

पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये दिब्रिटोंची ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली. संमेलनाच्या इतिहासातले पहिले ख्रिस्ती अध्यक्ष. आणि लगेच साहित्य महामंडळाकडे निषेधाचे आणि धमक्यांचे फोन! का, तर फादर आहेत म्हणून. त्यांनी काय लिहिलंय हे फोन करणाऱ्यांपैकी किती जणांनी वाचलं होतं देव जाणे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला (आताचं धाराशिव) पाठीच्या दुखण्याने बेजार असतानाही ते आले, आणि बोलले. त्याच आठवड्यात दिल्लीत जेएनयूमध्ये विद्यार्थ्यांना मारहाण झाली होती. त्याबद्दलही बोलले. झालं! पुन्हा तेच, "साहित्याच्या व्यासपीठावर राजकारण कशाला?"

मला आता या वाक्याचीच शंका येते. "राजकारण कशाला" हे वाक्य आपण नेमकं कधी वापरतो? बोलणारा आपल्या बाजूने बोलत असेल तर ते "समाजप्रबोधन" असतं. विरुद्ध बोलला की ते "राजकारण" होतं.

हे काही आजचं नाही. नागपूरचंच एक जुनं उदाहरण देतो. हिस्लॉप कॉलेज सगळ्या नागपूरकरांना माहीत आहे. सिव्हिल लाईन्समधलं, १८८३ चं. पण हा हिस्लॉप कोण होता हे किती जणांना ठाऊक आहे? मलाही नव्हतं. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी, १८४५ मध्ये नागपूरला आला. आला होता धर्मप्रसारालाच, ते लपवायचं कारण नाही. पण माणूस दगड गोळा करायचा, जीवाश्म शोधायचा, गोंड लोकांची भाषा आणि गाणी टिपून घ्यायचा. १८५४ मध्ये इंग्रजांनी भोसल्यांचं राज्य खालसा केलं. त्यानंतर नागपूरचा कारभार जो काही चालला होता, त्यातल्या गैरप्रकारांबद्दल या मिशनऱ्याने वर्तमानपत्रांतून लिहिलं. लक्षात घ्या, राज्य कोणाचं? इंग्रजांचं. हा माणूस कोण? गोरा, ख्रिस्ती, त्यांच्याच पंगतीत बसणारा. गप्प बसला असता तर सगळं सुखाचं होतं. १८६१ मध्ये मध्य प्रांत वेगळा झाला, त्यामागे या लिखाणाचाही वाटा होता असं मानतात. १८६३ च्या सप्टेंबरात तो टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहायला गेला होता, म्हणजे आज जिथे बुटीबोरीची एमआयडीसी आहे त्या भागात. परत येताना पुराच्या पाण्यात बुडून गेला. वय पंचेचाळीस.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते एकच. तो आपल्याच लोकांविरुद्ध बोलला.

पण थांबा. आता इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील की हा पोरगा फादर मंडळींचा वकील झालाय. तसं नाही. नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी माझ्या टीममेटच्या नाराजीला घाबरून लिहितोय असं होईल.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी गोव्यात एका धर्मगुरूंचा व्हिडिओ फिरला होता. प्रवचनात त्यांनी एका मोठ्या नेत्याला सैतान म्हटलं, आणि मनोहर पर्रीकरांचा कॅन्सर हा देवाचा कोप होता असं सुचवलं. पर्रीकर जाऊन महिनाही झाला होता की नाही. ते ऐकून माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली होती. पर्रीकरांचं राजकारण पटो न पटो, माणसाच्या आजाराला देवाची शिक्षा म्हणणं ही कुठली नीती? तक्रार झाली, त्यांनी माफीही मागितली. पण हे सार्वजनिक नीतीवर बोलणं नव्हतं. हा देवाच्या नावाने घातलेला धाक होता.

आणि त्याच गोव्यात आदल्या वर्षी, जून २०१८ मध्ये, आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव यांनी आपल्या लोकांना पत्र लिहिलं होतं. राज्यघटना धोक्यात आहे, ती नीट समजून घ्या, राजकारणाकडे पाठ फिरवू नका, पण राजकारण सदसद्विवेकाने करा, असा त्याचा आशय. यावरही गदारोळ झाला. एक महिना आधी दिल्लीच्या आर्चबिशपांच्या पत्रावर झाला होता तसाच. ही दोन्ही पत्रं तुम्हाला पटोत किंवा न पटोत. घटना धोक्यात नाही, उलट मजेत आहे, असंही तुमचं मत असू शकतं. पण त्या पत्राला उत्तर देता येतं. मुद्द्याला मुद्दा लावता येतो. "देवाचा कोप" याला उत्तर काय देणार?

कायदाही साधारण इथेच रेघ मारतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १२३(३). धर्म, वंश, जात, समाज, भाषा यांच्या नावाने मत मागणं किंवा मत देऊ नका म्हणणं हा भ्रष्टाचार समजला जातो आणि निवडणूक रद्द होऊ शकते. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढे करूनही मत मागता येणार नाही. तो खटला कुठला होता? आपल्या मुंबईतल्या सांताक्रूझ मतदारसंघाचा, १९९० च्या निवडणुकीचा. त्याहूनही आधी, १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक. धर्माच्या नावाने मतं मागितली म्हणून ती निवडणूक रद्द झाली, आणि खुद्द बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षं गेला. शिवाय १९८८ चा एक कायदा आहे, देऊळ, मशीद, चर्च यांची जागा राजकीय पक्षाच्या प्रचाराला वापरू नये म्हणून. म्हणजे कायद्याने धर्मगुरूचं तोंड बांधलेलं नाही. "अमक्या चिन्हावर बटण दाबा, देव तुमचं भलं करेल" एवढंच बंद केलंय. विहिरीबद्दल, कारभाराबद्दल, मारहाणीबद्दल बोलायला बंदी नाही. तो नागरिकही आहे ना शेवटी! झगा घातला म्हणून मतदार यादीतून नाव थोडंच कापलं जातं?

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. टेस्ट केस लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. तर माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन टेस्ट.

पहिली, झगा बदलून बघा. जे वाक्य फादरने म्हटलं ते एखाद्या महाराजांच्या, मौलवींच्या, भन्तेजींच्या तोंडी घाला. तुमचं मत बदललं? मग गडबड वाक्यात नाही, तुमच्यात आहे. हे उलटंही चालवून बघा. आपल्या आवडत्या महाराजांचं वाक्य फादरच्या तोंडी घाला आणि बघा कसं वाटतं. मी केलं. दोन-तीन वेळा चांगलाच नापास झालो.

दुसरी, तो कोणासाठी बोलतोय? "आमच्या शाळांना अनुदान द्या, आमच्या जमिनीला हात लावू नका" एवढंच बोलणारा धर्मगुरू हा एका संस्थेचा मॅनेजर आहे. बोलू दे, त्याचा हक्क आहे, पण त्याला सार्वजनिक नीती म्हणू नका. जो दुसऱ्याच्या विहिरीसाठी बोलतो त्याचं ऐकावं.

तिसरी, किंमत कोण मोजतंय? बोलून ज्याला खुर्ची, जमीन, सिक्युरिटी मिळते त्याचं बोलणं स्वस्त आहे. तुकडोजी महाराजांना तुरुंग मिळाला. दिब्रिटोंना धमक्या मिळाल्या. फादर स्टॅन स्वामींचं तर आपल्याच राज्यात घडलं. झारखंडच्या आदिवासींसाठी काम करणारा हा माणूस ऑक्टोबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात पकडला गेला, तळोजाच्या तुरुंगात होता. पार्किन्सनमुळे हात थरथरायचे, म्हणून पाणी प्यायला स्ट्रॉ हवी होती. तेवढ्यासाठीही कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला मुंबईत हॉस्पिटलमध्ये गेले, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. खटला उभाच राहिला नव्हता. आरोप खरे की खोटे हे कोर्टात ठरायचं होतं, ते ठरलं नाही. तुमचं त्यांच्याबद्दल काहीही मत असो, त्यांनी आदिवासींबद्दल बोलून स्वतःसाठी काही कमावलं असं तरी कुणी म्हणू शकणार नाही.

आणि या तीन टेस्टमध्ये चर्चही दरवेळी पास होत नाही हं. २०१८ मध्ये केरळात पाच नन आपल्या एका बहिणीला न्याय मिळावा म्हणून कोचीत रस्त्यावर बसल्या होत्या. आरोप एका बिशपवर होता. जानेवारी २०२२ मध्ये कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं, तो भाग वेगळा. पण त्या बायका रस्त्यावर बसल्या होत्या तेव्हा देशाच्या नीतीवर पत्रं लिहिणारे किती वरिष्ठ त्यांच्या शेजारी जाऊन बसले? फार थोडे. जगाला नीती शिकवणाऱ्याने आधी आपल्या घरात दिवा लावावा, ही अपेक्षा काही चूक नाही. हिस्लॉप मला आवडला तो याचसाठी. पण घरात अंधार आहे म्हणून बाहेरच्या अंधाराबद्दल कुणी बोलूच नये, असंही नाही. नाहीतर या जगात बोलायला कुणी उरणारच नाही.

आपल्या पिढीची अजून एक गोची आहे. आपण सगळे "ए-पोलिटिकल" आहोत, म्हणजे तसं अभिमानाने सांगतो. ईएमआय, अप्रेजल, ऑनसाईट. सोसायटीला टँकर आला नाही की आपण अ‍ॅपवर तक्रार टाकतो. पण टँकर कुठल्या विहिरीतून येतो हे आपण विचारत नाही. हिंजवडीत राहून मीही कधी विचारलं नाही. मग कुणीतरी विचारतो, तो फादर असतो किंवा महाराज असतो किंवा एखादी बाई असते, आणि आपण डबा उघडता उघडता म्हणतो, "राजकारण करतात साले." आपण न केलेलं काम दुसरा करतो, त्याची टोचणी असते ती, बाकी काही नाही.

असो. परत ओट्यावर येतो.

काकांना मी तुकडोजी महाराजांचा फोटो दाखवला नाही, पण वसईच्या विहिरींची गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या सासुरवाडीचं गाव गोसीखुर्दच्या पाण्यात गेलंय. वैनगंगेवरचं ते धरण. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी त्याचं भूमिपूजन केलं, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. ३७२ कोटींचा अंदाज होता, तो पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. चौकश्या झाल्या, गुन्हे दाखल झाले. आमच्या भागातली, कुही-भिवापूरकडची गावं उठली, आणि पुनर्वसनाच्या जागी नळ, रस्ते, शाळा यांसाठी लोक वर्षानुवर्षं अर्ज घेऊन फिरले. शेताला पाणी मिळेल म्हणून धरण, आणि शेत गेलेल्यालाच प्यायला पाणी नाही.

काका म्हणाले, "आमच्याकडं नाई आला बापा कोनी असा. सप्ताहाला येत होते महाराज लोकं. कीर्तन मस्त करत. पन पान्यात गाव चाललं, त्याचं कोनी नाव नाई काढलं. म्या एकाले विचारलं बी होतं. तं म्हने, मास्तर, हे सरकारचं काम, आपन कायले पडाचं त्यात."

मग हसले. "आता हे मीच बोललो ना रे मघाशी? पादरीनबाईले?"

मी म्हटलं, "हो काका."

"हं," म्हणाले, आणि मोबाईल खिशात ठेवला.

त्या महाराजांना मी दोष देत नाही. माणूस होते, भीती वाटली असेल, बिदागी कुठून येते याचाही विचार केला असेल. पण त्या सात दिवसांच्या सप्ताहात एका संध्याकाळी, एका कीर्तनात, कुणी गावाचं नाव जरी घेतलं असतं ना, तरी धरण थांबलं नसतं हे मलाही कळतं. पण काकांना आज तीस वर्षांनी ते असं आठवलं नसतं. आपलं बुडत असताना कुणीतरी मोठ्याने म्हणालं होतं की हे बरोबर नाही, एवढं तरी हाताशी राहिलं असतं.

म्हणून माझं उत्तर आता पक्कं आहे. हो, पाद्र्याने बोलावं. महाराजांनी बोलावं, मौलवींनी बोलावं, भन्तेजींनी बोलावं. मत कोणाला द्यायचं ते आम्ही बघून घेऊ, तेवढं आमच्यावर सोडा. देवाचा धाक घालू नका. पण विहीर कोण उपसतंय, गाव कोण बुडवतंय, पोरांना कोण मारतंय, हे ज्याला दिसतं त्याने सांगावं, मग त्याच्या अंगावर झगा असो की भगवं असो की टी-शर्ट.

टी-शर्टवाल्यांनी जास्तच सांगावं खरं तर. आपल्याला तर कुणी बिदागीही देत नाही!

रविवारी रात्री नागपूरहून निघालो. बसमध्ये बसल्या बसल्या त्या टीममेटला मेसेज केला. त्या दिवशी डबा खाताना जे बोललो त्याबद्दल मनापासून सॉरी, फार उशीर झाला, पण सॉरी. तिने लिहिलं, "कळलं. पुढच्या वेळी वसईला ये, वाडी दाखवते."

जाणार आहे. विहिरीचं पाणी पिऊन बघायचंय.